अक्काला किडनी कोण देणार?

चार नंबरच्या पलंगावरचा माणूस यायचा बंद झाला, असं अक्कानं फोनवर सांगितलं. फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट. तिचं डायलिसिस सुरू होऊन तेव्हा वीस महिने झाले होते.

"गेला का?" मी विचारलं. त्या खोलीत माणूस यायचा बंद झाला की बहुतेक वेळा तेच कारण असतं.

"न्हाई रे. त्याच्या बायकोनं किडनी दिली त्याला. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. आता बरा हाय म्हणं."

पुढं तिनं माझ्या पोरांच्या परीक्षेचं विचारलं, आईच्या गुडघ्याचं विचारलं आणि फोन ठेवला. तिनं काही मागितलं नाही. मीही काही बोललो नाही. त्या रात्री बायको झोपल्यावर मी उठून ओट्यावर जाऊन बसलो. वीस महिन्यांत आमच्या घरात एकदाही 'अक्काला किडनी कुणी द्यायची' हा प्रश्न निघाला नव्हता, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं. डायलिसिसच्या वाऱ्या, एसटीचं भाडं, तिच्या शेताची सोंगणी कोण करणार, पोरं कुणाकडं ठेवायची, सगळं बोलून झालं होतं. हे सोडून.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं, अक्काचं सासर मंठ्याकडचं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी पहिलीत असताना ती सातवीत असायला हवी होती. प्रत्यक्षात तिची शाळा चौथीनंतर सुटली होती आणि ती मला कडेवर घेऊन शाळेच्या दारापर्यंत सोडायला यायची.

जून २०२२ मध्ये तिच्या पायांवर सूज आली, दम लागायला लागला. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी चालेनाशी झाली की रक्तात साचत जातं ते, ११.४ आलं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या दिसल्या. इतक्या उशिरा आल्यावर मूळ कारण सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण तिसऱ्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं, हे जुन्या कागदावर लिहिलेलं सापडलं. त्यानंतर अकरा वर्षं तिचं बीपी कुणी मोजलंच नव्हतं. दरवर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर दुखली की गोळी, एवढाच तिचा दवाखाना.

जालन्यातल्या एका केंद्रात सोमवार-गुरुवार असं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा करा, असं सांगितलं होतं. पण मंठ्याहून यायला-जायला चार तास, मशीनवर चार तास, म्हणजे दिवस गेला, आणि सोबत येणाऱ्या दाजींची मजुरीही गेली. म्हणून दोनदा. डाव्या हाताला मशीनच्या सुया टोचायला फिस्टुला केलेला, शीर आणि धमनी जोडून. त्यावर बोटं ठेवली की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. त्या हातानं घागर उचलायची नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. आणि दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी. मे महिन्यात, आपल्याकडच्या उन्हात. ती फडकं ओलं करून ओठांवर धरायची.

केंद्रातली माणसं वाईट नव्हती. एका पाळीत दोन सिस्टर, आणि पलंग रिकामा होण्याची वाट बघत बसलेले लोक. पण त्या वीस महिन्यांत प्रत्यारोपण हा शब्द तिच्यासमोर कुणी काढला नाही. चार नंबरच्या पलंगावरच्या माणसाला कुणी सांगितला, हे मी पुढं त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, त्याचा मेव्हणा संभाजीनगरला औषधांच्या दुकानात होता, त्यानं सांगितलं.

मार्चमध्ये आम्ही संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीच्या डॉक्टर मॅडमना भेटलो. अक्का, दाजी, आई, थोरला भाऊ आणि मी. मॅडमनी फाईल बघितली आणि सरळ विचारलं, "दाता कोण आहे?"

आम्ही सगळ्यांनी आईकडं बघितलं. कुणी ठरवलं नव्हतं, आपसूक माना वळल्या. आई लगेच म्हणाली, "माझी घ्या."

आई एकसष्ट वर्षांची. चौदा वर्षं शुगर. "मावशी, तुमची नाही चालणार," मॅडम म्हणाल्या. दाजींचा रक्तगट ए, अक्काचा बी, जमत नव्हतं. मोठा पोरगा सतरा वर्षांचा, आणि कायद्यानं अठराच्या आतल्याला दाता होता येत नाही. मग त्या आम्हा दोघा भावांकडं वळल्या. थोरला खाली बघायला लागला. त्याला बीपी आहे आणि तंबाखू आहे, त्यामुळं पुढं तपासणीत तो बादच झाला असता. पण त्या क्षणी त्याला ते माहीत नव्हतं आणि मलाही. मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

अक्का म्हणाली, "राहू द्या मॅडम, त्येंना लेकरं हायेत."

तिलाही तीन आहेत.

मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पुरुष पेशंट आला की बायको आपले रिपोर्ट घेऊनच सोबत आलेली असते. बाई पेशंट आली की मला विचारावं लागतं." बाहेर बाकड्यावर बघितलं तर खरंच तसं होतं. फाईल मांडीवर घेऊन बसलेल्या बाया, कुणी नवऱ्यासाठी, एक म्हातारी मुलासाठी. बाईसाठी आलेला पुरुष त्या दिवशी तरी मला दिसला नाही.

हे आमच्याच बाकड्यापुरतं नव्हतं. देशभरातल्या प्रत्यारोपणाची नोंद ठेवणारी राष्ट्रीय संस्था आहे, नोटो. तिच्या नोंदींनुसार १९९५ ते २०२१ या काळात ३६,६४० प्रत्यारोपणं झाली. त्यांत २९ हजारांवर पुरुषांना अवयव मिळाले, बायकांना ६,९४५. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांमध्ये सुमारे ऐंशी टक्के बाया, त्यातही बहुतेक बायको नाहीतर आई, हे २०१९ च्या प्रत्यारोपणांचा अभ्यास करून संशोधकांनी छापलं आहे. किडनीचे आजार बायकांना चौपटीनं कमी होतात असं तर नाही. मग हा फरक कुठं पडतो? मॅडमच्या खोलीत आमच्या माना वळल्या, तिथं पडतो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "द्या. पण एक विचारू का? मला लागली असती तर तुम्ही माझ्या भावाला विचारलं असतं का?" मी हो म्हणालो. "आणि तुमची दिली असती का?" त्यालाही मी हो म्हणालो, पण ते म्हणायला मला क्षणभर वेळ लागला, आणि तो तिनं बघितला. तिचे वडील दुसऱ्या दिवशी जिंतूरहून आले. "पाहुणे, बहिणीचं तिच्या सासरच्यांनी बघावं. तुमच्या मागं दोन लेकरं हायेत." ते प्रेमापोटीच बोलत होते. त्यांना उत्तर मी दिलं नाही, माझ्या बायकोनं दिलं.

माझा रक्तगट ओ. तो कुणालाही चालतो; किडनीसाठी प्लस-मायनस बघत नाहीत, हेही मला तेव्हाच कळलं. पण रक्तगट ही पहिली पायरी. मॅडमनी सांगितलं, माझ्या तपासण्या पूर्ण व्हायला महिने लागतील, मध्येच काही निघालं तर मी बाद, म्हणून अक्काचं नाव आजच प्रतीक्षा यादीत घाला. मेंदूमृत दात्याची किडनी मिळते ती यादी. नाव आपण जाऊन लावायचं नसतं, दवाखान्यामार्फतच झेडटीसीसीकडं, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडं जातं. महाराष्ट्रात अशी चार केंद्रं: मुंबई, पुणे, नागपूर आणि आपलं संभाजीनगर.

ही यादी कशी चालते ते मी दवाखान्यातल्या प्रत्यारोपण समन्वयक ताईंकडून नीट समजून घेतलं. शिक्षकाची सवय, गुणपत्रिका कशी भरतात हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. किडनी आली की आधी रक्तगट बघतात, मग गुण. राष्ट्रीय निकषांत डायलिसिसवर काढलेल्या महिन्यांचे गुण मिळतात. लहान मुलांना जादा गुण. ज्यांच्या हातातल्या शिरा निकामी होऊन डायलिसिसला जागाच उरलेली नाही, त्यांना जादा. पूर्वी स्वतः किडनी दिलेल्या माणसाला पुढं कधी गरज पडली तर त्याला जादा. पैसा, ओळख, पुढाऱ्याचं पत्र, याचा त्यात रकाना नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं आणखी तीन अडथळे काढायला सांगितले: यादीत नाव लावायला त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट नको, पासष्टीच्या वरच्यालाही नाव लावता यावं, आणि नोंदणीचं शुल्क घेऊ नये.

मी ताईंना म्हणालो, यादी तर चोख आहे.

"यादी चोखच आहे सर," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या अक्का वीस महिने कुठं होत्या?"

यावर मी खूप दिवस विचार केला. आम्ही शिक्षक दरवर्षी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करतो. घरोघरी, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात तिथं पालाजवळ जाऊन. का? कारण हजेरीपट फक्त पटावरच्या मुलांचं सांगतो. पटावर चाळीस आणि वर्गात चाळीस असले की शाळा शंभर टक्के दिसते, आणि गावातली सात पोरं आईबापांबरोबर कारखान्यावर गेलेली असतात. प्रतीक्षा यादीचंही तेच. ज्याचं नाव लागलं त्याच्याशी ती न्यायानं वागते. ज्या बाईला यादी नावाची काही गोष्ट आहे हेच माहीत नाही, ती कुणाच्याच आकड्यात नाही. डायलिसिसच्या महिन्यांचे गुण मिळतात, पण सूज अंगावर काढलेल्या महिन्यांचे मिळत नाहीत. आणि अक्का अंगावर काढणाऱ्यांतली.

मॅडमनी एकदा मला अमेरिकेतलं उदाहरण सांगितलं होतं. किडनी किती टक्के चालते हे क्रिएटिनिनवरून काढायचं तिथं एक सूत्र होतं. त्यात रुग्ण काळा असला की उत्तर थोडं वाढवून यायचं, म्हणजे किडनी आहे त्यापेक्षा बरी दिसायची. यादीत नाव लागायला ठरावीक आकड्याच्या खाली यावं लागतं. त्यामुळं काळ्या रुग्णांची नावं उशिरा लागत गेली. संशोधकांनी ते पुढं आणलं, २०२१ मध्ये वर्ण वगळून नवं सूत्र आलं. त्यावरच ते थांबले नाहीत. जानेवारी २०२३ पासून तिथल्या दवाखान्यांना आपल्या यादीतले असे रुग्ण शोधून, त्यांचा गेलेला प्रतीक्षाकाळ त्यांना परत जोडून द्यायला लावला. मला ही दुसरी गोष्ट फार मोठी वाटते. चूक नुसती दुरुस्त केली नाही, चुकीत गेलेले दिवस परत मोजले. हे जमलं कारण आधी कुणीतरी बसून कोण मागं पडतंय ते मोजलं. आपल्याकडच्या प्रत्येक डायलिसिस केंद्राच्या रजिस्टरात बाई-पुरुष, गाव, आठवड्यातून किती वेळा, आणि प्रत्यारोपणाबद्दल हिला कुणी सांगितलं का, एवढे चार रकाने कुणी भरले तरी खूप कळेल. सर्वेक्षण करायला माणसं लागत असतील तर आम्ही मास्तर लोक सवयीचे आहोत.

आता कागदपत्रांचं सांगतो, कारण आमचे सगळ्यात जास्त दिवस तिथं गेले.

मी तिचा सख्खा भाऊ आहे हे सिद्ध करायचं होतं. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, २०११ मध्ये दुरुस्त झालेला. त्यात नवरा-बायको, आईवडील, मुलं, भाऊ-बहीण, आजी-आजोबा, नातवंडं एवढे जवळचे नातेवाईक धरले आहेत. त्याबाहेरच्या दात्याला वेगळ्या मान्यता समितीपुढं जावं लागतं. किडनीचा बाजार होऊ नये म्हणून हे आहे, आणि ते असायलाच पाहिजे. पैसे घेऊन अवयव दिला-घेतला तर पाच ते दहा वर्षांची शिक्षा आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे.

माझे कागद एका दिवसात निघाले. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सेवापुस्तकाची प्रत, आधार, पॅन. सगळीकडं एकच नाव. अक्काचं नाव मात्र तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. शाळेच्या दाखल्यावर वडलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधारवर दाजींचं नाव, सासरचं आडनाव, आणि पहिलं नावही वेगळं, कारण लग्नात ते बदललं होतं. लग्नाची नोंदणी झालेली नव्हती. जन्माची नोंद सापडेना. कागदावर बघितलं तर माझी बहीण चौथीनंतर नाहीशी झाली होती आणि मंठ्याला एक वेगळीच बाई प्रकट झाली होती.

ग्रामसेवकाकडं विवाह नोंदणी, सेतू केंद्रात प्रतिज्ञापत्र, तहसीलला नात्याचा दाखला. तहसीलच्या तीन खेपा झाल्या. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा सर्व्हर बंद. दर खेपेला दाजी डायलिसिसचा दिवस सांभाळून यायचे. शेवटी काम आलं ते आईच्या पत्र्याच्या पेटीतलं जुनं राशनकार्ड. घड्यांवर फाटलेलं. त्यात वडील, आई, थोरला, अक्का, मी, अशी ओळीनं नावं. अक्काच्या नावावर लाल शाईची आडवी रेघ, लग्न झाल्यावर नाव कमी केलं त्याची. मी म्हणालो, हे तर खोडलेलं आहे. समन्वयक ताई म्हणाल्या, "खोडलेलं असू द्या सर. खोडलंय म्हणजे होतं ना?" सोबत माझ्या लग्नातला एक फोटो लावला, करवली म्हणून ती माझ्या मागं उभी आहे तो.

मधल्या काळात माझ्या तपासण्या चालूच होत्या. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमा करायची, एक्स-रे, ईसीजी, टूडी इको, कावीळ-एचआयव्हीच्या चाचण्या, प्रत्येक किडनी किती काम करते तो स्कॅन, किडनीच्या रक्तवाहिन्यांचा सीटी. मानसोपचारतज्ज्ञांनी अर्धा तास एकट्याला बसवून घेतलं. घाबरलो का, असं त्यांनी विचारलं. हो म्हणालो. भरतीआधीच्या या बऱ्याच तपासण्यांचे पैसे आम्हीच भरले, शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढून. शस्त्रक्रियेला महात्मा फुले जनआरोग्य योजना होती; किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख केली, तिचा फार मोठा आधार झाला. पण पतसंस्था मला दारात उभी करते, कारण माझा पगार आहे. मजुरी करणारा भाऊ असता तर?

सगळ्यात कठीण दिवस क्रॉसमॅचचे. माझ्या पेशी आणि तिचं रक्त एकत्र करून बघतात, तिच्या रक्तात माझ्याविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का. असली तर किडनी बसवून उपयोग नाही, शरीर तिच्यावर तुटून पडतं. मॅडमनी आधीच समजावून ठेवलं होतं की अक्काच्या बाबतीत धोका जास्त आहे. बाळंतपणात बाळाचं, म्हणजे बापाकडचंही रक्त आईच्या शरीराला ओळखीचं होतं आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. तीन बाळंतपणं. शिवाय हिमोग्लोबिन पडलं की तिला रक्ताच्या पिशव्या चढवल्या होत्या, त्यानंही तीच प्रतिपिंडं वाढतात. रक्त वाढवायचं इंजेक्शन वेळच्या वेळी मिळालं असतं तर काही पिशव्या टळल्या असत्या. म्हणजे आई झाली म्हणून अवघड, आणि गरीब म्हणून आणखी अवघड. राष्ट्रीय निकषांत अशा जास्त प्रतिपिंडांच्या रुग्णांना यादीत जादा गुण देतात, ते मला मनापासून बरोबर वाटतं.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी शाळेत होतो, सहावीचा तास चालू होता. मॅडमचा फोन आला तेव्हा मी पोरांना 'वाचत बसा' म्हणालो आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन रडलो.

मग समितीपुढची मुलाखत. जवळच्या नातेवाइकांची छाननी दवाखान्याच्या पातळीवरच होते, पण होते काटेकोर. कॅमेरा लावलेला. आधी आम्ही दोघं एकत्र, मग मी एकटा. किडनी दिल्यावर काय धोके आहेत ते माझ्या तोंडून वदवून घेतलं. कधीही, अगदी भूल देण्याच्या टेबलावरसुद्धा नाही म्हणता येईल, असं सांगितलं. कुणी दबाव टाकला का, कुणी काही कबूल केलं का, हे तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग एका बाईंनी विचारलं, "तुमच्या वडलांची शेती किती?"

"सात एकर."

"बहिणीचा हिस्सा?"

मी म्हणालो, "तिनं हक्कसोड केली आहे. २०१० मध्ये. वडील वारल्यावर."

"त्याच्या बदल्यात देताय का किडनी?"

"नाही," मी म्हणालो, आणि ते खरं आहे. पण त्यानंतर मला पुढचे दोन प्रश्न ऐकूच आले नाहीत.

२००५ पासून मुलीचा बापाच्या जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, हे मला २०१० मध्ये चांगलं माहीत होतं. मी डी.एड. झालेला माणूस. आम्ही तिला दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नेलं, फोटो काढला, अंगठा घेतला. कागदावर 'स्वखुशीने' असं छापलेलं होतंच. येताना साडी घेतली. ती हसत होती. पण तिला कुणी एकटीला बसवून विचारलं नव्हतं, की बाई, तुझ्यावर दबाव आहे का? धोके कळलेत का? आत्ताही नाही म्हणता येईल. माझ्या एका किडनीसाठी कायद्यानं जेवढी काळजी घेतली, तेवढी तिच्या पावणेदोन एकरांसाठी घेतली असती तर कदाचित तिनं सही केली नसती. आणि पावणेदोन एकर नावावर असलेली बाई अकरा वर्षं बीपी न मोजता राहिली असती का, माहीत नाही. अवयवदानाच्या या नियमांतच एक कलम आहे: दाता स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्या, तिच्या स्वतंत्र संमतीची खातरजमा अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्याकडून करा. नियम लिहिणाऱ्यांना आपली घरं ठाऊक होती.

हक्कसोडीचं मी थोरल्याजवळ काढलंय. तो अजून काही बोललेला नाही. मी पुन्हा काढणार आहे.

जानेवारी २०२५ मध्ये शस्त्रक्रिया झाली. माझी डावी किडनी दुर्बिणीतून काढली. डाव्या किडनीची शीर लांब असते म्हणून शक्यतो तीच घेतात. तिच्या जुन्या किडन्या काढत नाहीत, नवी पोटात खाली उजव्या बाजूला बसवतात. मला पाचव्या दिवशी घरी सोडलं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला अवयव दिला तर बेचाळीस दिवसांची विशेष रजा मिळते. मी माझी वैद्यकीय रजा वापरली. दुखलं ते भूल उतरल्यावर दोन दिवस, आणि खोकल्यावर पुढचा पंधरवडा.

दुसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीवरून काचेपर्यंत नेलं. आत अक्का झोपलेली. खाली लघवीची पिशवी भरलेली होती. अडीच वर्षांत तिला लघवी जवळपास होतच नव्हती. सिस्टर आतून पिशवीकडं बोट दाखवून हसल्या आणि मीही एका पिशवीकडं बघून हसलो.

आता तिला दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं आहे. गाळून, उकळून. पहिल्या दिवशी तांब्या हातात दिला तर तिनं सवयीनं दोन घोट घेऊन खाली ठेवला. "पी की," मी म्हणालो. "किती?" "सगळा." ती माझ्याकडं बघायला लागली, आणि मग तिनं तो तांब्या डोळे मिटून सगळा प्याला.

शरीरानं नवी किडनी झिडकारू नये म्हणून औषधं आयुष्यभर आहेत. टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट घड्याळ लावून बारा-बारा तासांनी, प्रेडनिसोलोन दिवसातून एकदा. एक दिवस चुकवायचं नाही. महिन्याचा खर्च मी आणि दाजी वाटून घेतो. आम्हाला त्याचा ताण येतो आणि याच टप्प्यावर किती जणांच्या किडन्या औषधाअभावी जात असतील याची मला भीती वाटते. माझं वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि बीपी. आजवर ठीक आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये नोटोनं राज्यांना सूचना दिली की प्रतीक्षा यादीतल्या स्त्रियांना आणि पूर्वी मरणोत्तर अवयवदान केलेल्यांच्या जवळच्या नातेवाइकांना प्राधान्यासाठी जादा गुण द्यावेत. काही जण याला अन्याय म्हणतात, पुरुष काय जगायला नकोत का म्हणतात. मी ते बाकडं बघितलं आहे. मला ही सूचना योग्य वाटते. देशात वर्षाला प्रत्यारोपणं अठरा हजारांवर गेली आहेत, पण मेंदूमृत दाते २०२३ मध्ये अकराशेच्या आतबाहेर. बाकी सगळं घरातल्या कुणीतरी द्यायचं. घर ज्याच्या बाजूनं वळत नाही त्याला ती यादीच आहे.

गेल्या महिन्यात अक्काला घेऊन जालन्याच्या त्याच केंद्रात गेलो होतो. तिला तिथल्या बायांना भेटायचं होतं. मास्क लावून ती दारातच उभी राहिली. सहा नंबरवर एक पोरगी होती, पंचविशीची, भोकरदनकडची. तिनं अक्काला वर-खाली बघितलं आणि मला म्हणाली, "दादा, ते यादीत नाव लावायला काय लागतं?"

मी वहीचं पान फाडलं आणि लिहायला बसलो. आधी डॉक्टरांचं, मग तपासण्यांचं, मग कागदांचं.

"शाळेचा दाखला आहे?"

"म्या शाळेत गेलेच न्हाई."

"घरात कुणी द्यायला तयार आहे?"

ती मशीनच्या नळीकडं बघत राहिली. "इचारलंच न्हाई कुणाला. भाऊ हाय एक. पुण्याला असतो."

"वडलांचं जुनं राशनकार्ड असंल का?"

"असंल आईपाशी. पण त्यातून माझं नाव काढलंय."

"काढलेलं असू दे," मी म्हणालो. "फोन लाव आईला."

तिचा उजवा हात मोकळा होता. तिनं उशीखालून फोन काढला.